ओहायो स्टेटचा २०२४ चा हंगाम : दोन मॅच हरून विजेतेपद कसं मिळालं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी कोलंबसला ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत शिकते, तिच्यामुळे घरी कॉलेज फुटबॉल बघायला सुरुवात झाली. २०२४ च्या हंगामात ही टीम ऑरेगॉनशी हरली, मग घरच्या मैदानावर मिशिगनशी हरली, स्वतःच्या कॉन्फरन्सची (कॉलेजांच्या गटाची) फायनलसुद्धा खेळली नाही. तरीही २० जानेवारी २०२५ ला राष्ट्रीय विजेती ठरली. हे नशीब, नियमांची मेहेरबानी, की आणखी काही?

नियमांचा वाटा आहेच, तो आधी सांगतो. पण मुख्य कारण असं की ही टीम हंगाम चालू असताना दोनदा मोडली, दोन्ही वेळा नेमकं काय मोडलंय ते ओळखलं गेलं, आणि दुरुस्तीला वेळ मिळाला. हंगाम लांबल्यामुळे आता सप्टेंबरात कोण भारी आहे यापेक्षा जानेवारीपर्यंत कोण दुरुस्त होतं, याला जास्त किंमत आली आहे.

खेळ नवीन असेल तर एवढं लक्षात ठेवा. ११ विरुद्ध ११, मैदान १०० यार्डांचं. बॉल असलेल्या टीमला चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाउनमध्ये, १० यार्ड काटायचे असतात; काटले की पुन्हा चार डाउन. बॉल टोकापर्यंत नेला की टचडाउनचे ६ गुण, वर किक मारून १ किंवा आणखी एक प्ले खेळून २. खांबांमधून किक मारून फील्ड गोल केला तर ३. कबड्डीत जशी प्रत्येक चढाई स्वतंत्र असते आणि ती संपली की दोन्ही बाजू पुन्हा मांडणी करतात, तसंच इथं प्रत्येक प्लेनंतर होतं. एका टीमच्या वाट्याला मॅचमध्ये साधारण ६० ते ७० प्ले येतात आणि प्रत्येक प्ले आधी ठरवलेला असतो. त्यामुळे शनिवारच्या मॅचचं बरंचसं काम मंगळवार-बुधवारच्या सरावातच झालेलं असतं.

आता नियम. वरच्या श्रेणीत २०२४ साली १३४ कॉलेजं होती. २०१४ ते २०२३ पर्यंत त्यातल्या फक्त चार टीम प्लेऑफला, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांना, जायच्या. २०२४ पासून बारा जायला लागल्या : सर्वांत वरचे पाच कॉन्फरन्स विजेते आणि उरलेल्या सात जागा निवड समितीच्या क्रमवारीनुसार. पहिल्या चार कॉन्फरन्स विजेत्यांना पहिली फेरी माफ. पाच ते आठ क्रमांकाच्या टीमना पहिली फेरी आपल्या कॅम्पसवर खेळायला मिळणार. समितीच्या अंतिम क्रमवारीत ओहायो स्टेट सहावी होती; पण विजेत्यांना वर ढकलल्यामुळे प्लेऑफच्या मांडणीत तिचा नंबर आठवा लागला. जुन्या पद्धतीत ही टीम डिसेंबरातच घरी बसली असती. नियमांची मदत इथपर्यंतच. पुढच्या चार मॅच खेळूनच जिंकायच्या होत्या.

टीमची बांधणी जानेवारी २०२४ मध्येच सुरू झाली. त्याआधी मिशिगनकडून लागोपाठ तीन वर्षं हार झाली होती आणि हेड कोच रायन डे यांच्यावर प्रचंड दबाव होता. जॅक सॉयर, जे. टी. तुइमोलोआउ, एमेका एग्बुका, ट्रेव्हियन हेंडरसन, डेन्झेल बर्क, डोनोव्हन जॅक्सन अशा बऱ्याच खेळाडूंना तेव्हाच एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगला, जाता आलं असतं. त्यांनी आणखी एक वर्ष थांबायचं ठरवलं. ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, कॅन्सस स्टेटचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) विल हॉवर्ड, ओले मिसचा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) क्विनशॉन जडकिन्स, आणि अलाबामाचे सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) केलेब डाउन्स व सेंटर सेथ मॅकलॉफलिन आले. शाळेतून थेट आलेला जेरेमाया स्मिथ पहिल्याच वर्षी देशातला सर्वांत धोकादायक रिसीव्हर (पास पकडणारा) ठरला. खेळाडूंच्या नावा-प्रतिमेच्या हक्कांपोटी या टीमवर साधारण २ कोटी डॉलर खर्च झाल्याचं कॉलेजच्या क्रीडाप्रमुखांनी उघडपणे सांगितलं होतं. आक्रमणाची सूत्रं चिप केली यांच्याकडे आली. यूसीएलएचं हेड कोचपद सोडून ते इथं दुय्यम पदावर आले होते. बचाव जिम नोल्स यांच्याकडे होता.

पैसा आणि नावं असूनही सरावाचे तास सगळ्यांना सारखेच. वसंत ऋतूत १५ सराव. ऑगस्टच्या कॅम्पमध्ये जास्तीत जास्त २५. त्यातले पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, पुढचे तीन दिवस हेल्मेट आणि खांद्याचे पॅड, सहाव्या दिवसापासून पूर्ण गणवेश, कारण उन्हाळ्यातून आलेलं शरीर एकदम पूर्ण गणवेशात तापलं तर उष्माघात होतो आणि या खेळात त्यानं मृत्यू झालेले आहेत. सरावाआधी आणि नंतर वजन करतात. जितके किलो उतरले त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी आणि क्षार पुढच्या सरावाआधी पोटात जायला हवेत. १४० किलोंच्या खेळाडूचं एका सरावात ३-४ किलो वजन उतरतं. ते भरून न काढता दुसऱ्या दिवशी उतरला की पोटऱ्या-मांड्यांत गोळे येतात, आणि थकलेल्या पायांवर गुडघ्याच्या दुखापतीही वाढतात.

हंगाम सुरू झाला की आठवड्याला २० तासांची मर्यादा, त्यात मॅचचे ३ तास धरलेले, आणि एक दिवस सक्तीची सुट्टी. बहुतेक कॉलेजांत आठवडा असा जातो : रविवारी कालच्या मॅचचं फिल्म आणि दुखापतींची तपासणी, सोमवारी हलकं काम किंवा सुट्टी, मंगळवारी पहिल्या-दुसऱ्या डाउनचे प्ले आणि सगळ्यात जोरकस धडक, बुधवारी तिसरा डाउन आणि ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसं धाडणं), गुरुवारी शेवटचे २० यार्ड आणि दोन मिनिटांचा खेळ, शुक्रवारी चालत-चालत उजळणी. समोरच्या टीमचे प्ले खेळून दाखवायला राखीव खेळाडूंची वेगळी तुकडी असते. तिची नक्कल ढिसाळ झाली तर शनिवारी पहिल्या पंधरा मिनिटांत मुख्य खेळाडू गोंधळतात. टीव्हीवर टीमची सुरुवात संथ वाटली, तर बऱ्याचदा कारण हेच असतं.

पहिल्या पाच मॅचमधून फारसं काही कळत नाही. अ‍ॅक्रन ५२-६, वेस्टर्न मिशिगन ५६-०, मार्शल ४९-१४, मिशिगन स्टेट ३८-७, आयोवा ३५-७. या मॅचचा खरा उपयोग दुसऱ्या-तिसऱ्या फळीला खेळवण्यासाठी होतो. आघाडी मोठी झाली की राखीव फळी उतरवायची. तो सराव पुढे कधी कामी येईल सांगता येत नाही. इथं तो आला.

१२ ऑक्टोबरला यूजीनमध्ये ऑरेगॉनशी ३१-३२ अशी हार झाली. शेवटचे काही सेकंद सगळ्यांच्या लक्षात राहिले. १० सेकंद असताना ऑरेगॉनचे मैदानावर बारा खेळाडू होते. दंड ५ यार्डांचा, पण त्या प्लेत ४ सेकंद गेले, आणि बाराव्या माणसामुळे पास रोखणं सोपं झालं ते वेगळंच. पुढच्या प्लेला हॉवर्ड बॉल घेऊन पळाला आणि जमिनीवर घसरेपर्यंत घड्याळ शून्यावर आलं. ही पळवाट नंतर त्याच आठवड्यात बंद झाली : शेवटच्या दोन मिनिटांत असं झालं तर समोरच्या टीमला गेलेले सेकंद परत मागता येतात.

पण मॅच त्या सेकंदांमुळे गेली नव्हती. ऑरेगॉनचा क्वार्टरबॅक डिलन गेब्रिएल याला ओहायो स्टेटनं एकदाही सॅक केलं नाही, म्हणजे बॉल हातात असताना मागे पाडलं नाही. त्यानं ३४१ यार्डांचे पास दिले. पुढची चार माणसं नेहमीच्या जागेवरून नेहमीसारखीच धावत होती आणि मागची कव्हरेज (रिसीव्हरांवरचा पहारा) स्नॅपच्या, म्हणजे सेंटरनं बॉल मागे देण्याच्या, आधीच ओळखू येत होती. क्वार्टरबॅकला बॉल कुठं टाकायचा हे आधीच माहीत असेल तर सॅकला वेळच मिळत नाही.

त्याच मॅचमध्ये दुसरी गोष्ट मोडली : डावा टॅकल जॉश सिमन्सचा गुडघा. त्याचा हंगाम तिथंच संपला. या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे, कारण हंगामाचा अर्धा अर्थ यात आहे आणि टीव्हीवर तो दिसत नाही.

आक्रमणाच्या पुढच्या फळीत, म्हणजे लाइनमध्ये, पाच जण असतात : मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. उजव्या हातानं फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते, म्हणून डावा टॅकल चुकला तर त्याला धडक येताना दिसतही नाही. पाचही जण धिप्पाड असले तरी कामं वेगळी आहेत. गार्डच्या दोन्ही बाजूंना आपली माणसं असतात आणि समोरचा हातभर अंतरावर असतो. पहिल्याच पावलात भिडायचं. टॅकलच्या बाहेर कोणी नसतं, आणि समोरचा धावपटू (क्वार्टरबॅकवर धाव घेणारा बचावपटू) रुंद जागेवरून वेग घेऊन येतो. त्यामुळे टॅकलला मागे-तिरकं सरकायला लागतं : बाहेरचा पाय आधी, पावलं छोटी, पाय एकमेकांवरून जाऊ द्यायचे नाहीत, खांदे शक्यतो समोरच ठेवायचे. गार्डचा टॅकल केला की हमखास होणारी चूक म्हणजे तो घाईनं पूर्ण बाहेर वळतो. मग समोरचा दोन पावलं बाहेर दाखवून आत कापतो आणि सरळ क्वार्टरबॅकवर जातो. दुसरी चूक, गार्डच्या सवयीनं कमरेतून पुढं झुकून भिडणं. समोरच्यानं हात झटकला की टॅकल तोंडावर आपटतो.

नेब्रास्काविरुद्ध झेन मिखाल्स्कीला डाव्या टॅकलच्या जागी लावलं. २१-१७ अशी कशीबशी मॅच वाचली, बॉल घेऊन पळून जेमतेम ६४ यार्ड मिळाले, आणि मिखाल्स्कीही जखमी झाला. मग कोचांनी धाडस केलं. डावा गार्ड डोनोव्हन जॅक्सन, जो कॉलेजात टॅकल खेळलाच नव्हता, त्याला बाहेर सरकवलं आणि कार्सन हिन्झमनला गार्ड केलं. पहिली परीक्षा पेन स्टेटच्या मैदानावर, समोर अब्दुल कार्टर; एनएफएलच्या टीम कॉलेजचे खेळाडू घेतात त्या पुढच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) तिसरा गेलेला खेळाडू.

अशा वेळी नव्या टॅकलला एकटं सोडत नाहीत. टाइट एंड (लाइनच्या कडेला उभा राहून अडवणारा आणि पासही पकडणारा) किंवा रनिंग बॅक पास घ्यायला निघता निघता त्या बाजूच्या धावपटूला खांदा मारून जातो, त्यामुळे त्याची पहिली दोन पावलं बिघडतात. सेंटर आणि गार्ड आपली मदत त्या बाजूला सरकवतात. पास अडीच सेकंदांच्या आत सुटेल असे निवडतात. किंमतही द्यावी लागते. खांदा मारायला थांबलेला रिसीव्हर उशिरा मोकळा होतो, म्हणजे लांबचे पास कमी होतात. चार-पाच आठवडे अशी मदत दिली आणि नव्या टॅकलचे पाय जागेवर आले, की मग हळूहळू ती काढून घेता येते. जॅक्सनच्या बाबतीत अगदी तसंच झालं.

पेन स्टेटची मॅच २०-१३ अशी जिंकली, ती मात्र बचावानं. चौथ्या क्वार्टरमध्ये पेन स्टेटला तीन यार्डांवर चार संधी होत्या. तीन वेळा मधून पळायचा प्रयत्न झाला, तिन्ही वेळा अडवलं. चौथ्या संधीला फेकलेला पास हुकला. त्यानंतर स्वतःच्या गोललाइनपाशी बॉल मिळालेल्या ओहायो स्टेटनं पाच मिनिटांहून जास्त वेळ एकही पास न फेकता, फक्त पळून, घड्याळ संपवलं. जोडतोड केलेली लाइन हे करू शकते, हे त्या दिवशी कळलं.

पर्ड्यू ४५-०, नॉर्थवेस्टर्न ३१-७. मग इंडियानाविरुद्धच्या मॅचच्या आठवड्यात सरावात सेंटर मॅकलॉफलिनची टाचेची शिर तुटली. देशातल्या सर्वोत्तम सेंटरचा रिमिंग्टन पुरस्कार त्या वर्षी त्यालाच मिळाला, यावरून काय गमावलं ते लक्षात येईल. सेंटर फक्त बॉल मागे देत नाही. समोरची मांडणी बघून कोणी कोणाला अडवायचं हे तो ओरडून सांगतो. शिवाय हल्ली क्वार्टरबॅक चार-पाच यार्ड मागे उभा असतो. नव्या सेंटरचा बॉल थोडा उंच किंवा बाजूला आला तरी क्वार्टरबॅकची नजर बचावावरून बॉलवर येते, आणि तो अर्धा सेकंद गेला की गेला. हिन्झमन गार्डवरून सेंटरला गेला. त्याच्या जागी ल्यूक माँटगोमेरी आणि ऑस्टिन सिअरव्हेल्ड आलटून पालटून. तोवर एकही मॅच न हरलेल्या इंडियानाला ३८-१५ हरवलं. डाउन्सनं पंट (बॉल सोडून देताना विरोधकांनी मारलेली लांब किक) पकडून ७९ यार्ड पळून टचडाउन केला, आणि बचावानं पाच सॅक घेतले.

३० नोव्हेंबरला कोलंबसमध्ये मिशिगन १३, ओहायो स्टेट १०. मिशिगन तोवर ६-५ होती, जवळजवळ २० गुणांनी हरणार असं धरलं गेलं होतं. त्यांचे अव्वल कॉर्नर (रिसीव्हरवर पहारा देणारा) आणि टाइट एंडही खेळत नव्हते. पण त्यांच्या बचावाच्या मधोमध मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोन अवाढव्य खेळाडू होते. ओहायो स्टेटची सर्वांत कच्ची जागा कुठली? नवा सेंटर, नवा गार्ड, म्हणजे मध्यभागच. आणि ओहायो स्टेट त्याच जागेतून पुन्हा पुन्हा पळत राहिली. २६ वेळा पळून ७७ यार्ड. कडेला स्मिथ, एग्बुका आणि कार्नेल टेट असे तीन रिसीव्हर असताना हे झालं. हॉवर्डचे दोन पास विरोधकांच्या हातात गेले. त्यातला एक गोललाइनजवळ, जिथून मिशिगनला टचडाउन मिळाला. जेडेन फील्डिंगच्या ३४ आणि ३८ यार्डांच्या दोन किक चुकल्या. ४५ सेकंद असताना डॉमिनिक झ्वाडानं २१ यार्डांची किक मारून मॅच संपवली. नंतर मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवण्यावरून मारामारी झाली, पोलिसांनी मिरीचा फवारा मारला, दोन्ही कॉलेजांना प्रत्येकी १ लाख डॉलरचा दंड झाला.

माझ्या मते हा पराभव योजनेचा होता. मिशिगनला धसमुसळेपणानंच हरवायचं, मधूनच जायचं, हा अट्टाहास तीन वर्षांच्या पराभवांतून आलेला. कच्ची बाजू माहीत असताना तिथंच भार टाकणं ही या खेळातली सर्वांत महागडी चूक आहे, आणि भावनेच्या भरात अनुभवी कोचही ती करतात.

या हारीमुळे बिग टेनची, म्हणजे आपल्या कॉन्फरन्सची, फायनल गेली. ७ डिसेंबरला इंडियानापोलिसमध्ये ऑरेगॉननं पेन स्टेटला ४५-३७ हरवलं. त्याच काळात, म्हणजे ४ डिसेंबरला, शाळकरी खेळाडूंचे करार सुरू झाले आणि ९ तारखेला पोर्टल उघडलं. कोचांना एकीकडे पुढच्या वर्षाची भरती, दुसरीकडे चालू हंगाम. तरी पुढची मॅच २१ डिसेंबरला असल्यानं तीन आठवडे मिळाले. लाइनसाठी हे तीन आठवडे सोन्यासारखे होते. बदललेल्या पाच जणांना एकत्र, एकाच क्रमानं, आपसांत जागा बदलून येणाऱ्या धावपटूंना रोज अडवायला मिळालं. शेजाऱ्याकडे न बघता तो कुठं असेल हे कळणं फक्त अशाच सरावानं येतं.

योजनाही उलटी केली : आधी पास, मग पळणं. पहिल्याच डाउनला कडेला बॉल टाकायचा, बचावाला रुंद पसरवायचं, मग मधली गर्दी आपोआप कमी होते. गोठवणाऱ्या थंडीत ओहायो स्टेडियमवर टेनेसी पहिल्या क्वार्टरमध्येच २१-० मागे पडली, शेवट ४२-१७. हॉवर्डचे २९ पैकी २४ पास लागले, ३११ यार्ड.

१ जानेवारीला रोझ बोलमध्ये, म्हणजे पुढच्या फेरीत, पुन्हा ऑरेगॉन. दुसऱ्या क्वार्टरमध्ये ३४-०, शेवट ४१-२१. ऑक्टोबरात एकही सॅक नव्हता, इथं आठ. ऑरेगॉनचे पळून मिळवलेले यार्ड वजा २३. कॉलेजच्या हिशेबात सॅकमध्ये गेलेले यार्ड पळण्यातून वजा होतात, म्हणून आकडा शून्याखाली गेला. नोल्स यांनी ऑक्टोबरातल्या सुट्टीच्या आठवड्यापासून बचाव बदलायला घेतला होता. धावणारे बऱ्याचदा चारच. पण कोणते चार हे स्नॅपपर्यंत कळू द्यायचं नाही. पुढच्या रेषेवर बचावाचे सहा जण उभे, त्यातले दोन मागे सरकतात आणि बाजूनं लाइनबॅकर (दुसऱ्या फळीतला बचावपटू) येतो. आक्रमणाची लाइन भलत्यांनाच अडवायला जाते. डाउन्स कधी खोल, कधी थेट पुढच्या रेषेपाशी. गेब्रिएलला वाचायला एक सेकंद जास्त लागायला लागला, आणि सॉयर-तुइमोलोआउंना तेवढं पुरेसं होतं. स्मिथनं ७ पास पकडून १८७ यार्ड आणि दोन टचडाउन केले.

१० जानेवारीला डॅलसजवळ आर्लिंग्टनला टेक्सास. त्यांनी स्मिथला दोघांत अडकवलं : अख्ख्या मॅचमध्ये १ पास, ३ यार्ड. एका खेळाडूवर दोन माणसं लागली की दुसरीकडे एक कमी पडतो. पहिल्या हाफच्या अगदी शेवटी टेक्सासचे धावपटू हॉवर्डवर तुटून पडले असताना त्यांच्या डोक्यावरून छोटा स्क्रीन पास हेंडरसनला गेला आणि तो ७५ यार्ड पळाला. २१-१४ असताना टेक्सास एका यार्डावर होती. पहिला प्रयत्न अडला. दुसऱ्याला त्यांनी बॉल बाजूला टॉस केला आणि ७ यार्ड गमावले. इतक्या जवळून टॉस करण्यात धोका हाच : बॉल लाइनच्या बराच मागे पकडला जातो, आणि बचावाचा एक जण जरी आरपार आला तरी नुकसान मोठं. चौथ्या डाउनला आठ यार्डांवरून सॉयरनं क्विन ईवर्सच्या हातातला बॉल उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड पळाला. २८-१४.

अटलांटातल्या फायनलमध्ये नोत्र दामनं १८ प्लेंचा, पावणेदहा मिनिटांचा ड्राइव्ह करून पहिला टचडाउन केला. ओहायो स्टेटचं उत्तर बारकाईनं बघण्यासारखं आहे. आठ यार्डांवर बॉल. नोत्र दामचा भर माणसाला माणूस कव्हरवर होता. स्मिथ कडेवरून आत चालत येतो, त्याचा पहारेकरी त्याच्या मागोमाग गर्दीतून आत येतो. स्नॅप होताच स्मिथ उलटा फिरून पुन्हा बाहेर. पहारेकरी आपल्याच माणसांत अडकला आणि स्मिथ एकटा उभा. हॉवर्डचे पहिले तेराच्या तेरा पास लागले. दुसऱ्या हाफच्या पहिल्याच प्लेला जडकिन्स ७० यार्ड पळाला, तोही त्याच जोडतोड केलेल्या लाइनच्या मागून. ३१-७ वरून नोत्र दाम ३१-२३ पर्यंत आली. मग तिसरा डाउन, ११ यार्ड हवेत. ओहायो स्टेटनं घड्याळ संपवायला पळण्याऐवजी स्मिथला एकट्या पहारेकऱ्यावर लांब पास टाकला : ५६ यार्ड. मिशिगनविरुद्ध जे केलं नाही, तेच इथं केलं. २६ सेकंद असताना फील्डिंगनं ३३ यार्डांची किक लावली. ३४-२३.

१६ मॅच, १४ विजय. बचावानं मॅचमागे सरासरी १२.९ गुण दिले, देशात सर्वांत कमी. पहिली फेरी माफ झालेल्या चारही टीम आपली पहिलीच मॅच हरल्या. लांब विश्रांतीनं लय जाते असं त्यावरून म्हणतात. मला ते अर्धवट पटतं, कारण ओहायो स्टेटलाही तीन आठवडे रिकामे होते. फरक एवढाच की त्यांची परतीची मॅच घरच्या मैदानावर होती. २०२५ पासून मांडणीचा नियम बदलला, आता पहिल्या चार जागा सरळ क्रमवारीनुसार जातात, कॉन्फरन्स विजेता असो वा नसो.

एनएफएलच्या २०२५ च्या निवडीत या टीमचे १४ जण गेले. जॅक्सन आणि सिमन्स, म्हणजे नाइलाजानं टॅकल झालेला आणि जखमी झालेला मूळ टॅकल, दोघेही पहिल्या फेरीत. नोल्स पेन स्टेटला गेले, केली एनएफएलमध्ये. त्यामुळे विजेतेपदानंतरचं वर्ष नेहमी नव्या जुळवाजुळवीचं असतं.

पुढचा हंगाम बघताना बॉलवरची नजर काढून प्रत्येक प्लेला आधी दोन सेकंद डावा टॅकल आणि सेंटर बघा; टीम कुठल्या अवस्थेत आहे ते गुणफलकाच्या आधी तिथं दिसतं. दुपारी बाराची मॅच आपल्याकडे रात्री साडेनऊला लागते, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की साडेदहाला. संध्याकाळी साडेसातची फायनल आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला.